हळदीची लेन्स आणि हळदीकुंकू बदक

वाचक विचारतात:

मी इंदूरची, राहणार रामबाग. बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. नोकरीत राहून गेलेली हौस म्हणून पक्ष्यांचे फोटो काढू लागले. हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा पहाटे सिरपूर तलावावर जाते, पावसाळ्यात कधीमधी रालामंडलच्या जंगलात. कॅमेरा निकॉन डी ७२००, लेन्स ७०-३००. ऊन वर आलं की फोटो बरे येतात. पण पक्ष्यांची खरी लगबग असते ती उजाडताना, आणि तेव्हाचे माझे फोटो एक तर हललेले, नाहीतर रवाळ. दुकानदार म्हणतात, "मॅडम, कमी उजेडाला एफ २.८ शिवाय इलाज नाही, ७०-२०० घ्या, वर डबलर लावला की ४०० झाली." पुण्याचा मुलगा म्हणतो, आई, आधी मिररलेस (बिनआरशाचा कॅमेरा) घे. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांकडे १५०-६०० आहे, पण ती 'अंधारी लेन्स' आहे असं सगळे म्हणतात. लाख-सव्वा लाख बाजूला ठेवलेत. तीन वर्षांपूर्वी उजवं मनगट मोडलं होतं, तेही लक्षात घ्या. काय घेऊ?

ताई,

दुकानदार खोटं बोलत नाहीयेत. ते लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना रोज जे सांगतात तेच तुम्हालाही सांगतायत. ७०-२०० एफ २.८ ही मांडवातली लेन्स आहे. नवरी दहा-पंधरा फुटांवर, उजेड पिवळा आणि अपुरा, आणि चेहरा फ्रेमभर हवा. तिथे तिला तोड नाही. पण ती हळदीची लेन्स झाली. तुम्हाला टिपायचंय हळदीकुंकू बदक, आणि ते बसतं तलावाच्या पाळीपासून चाळीस मीटरवर, पाणवनस्पतींच्या आडोशाला.

सगळा घोटाळा 'एफ' या आकड्यात आहे. हा आकडा म्हणजे एक भागाकार: लेन्सची लांबी (नळीची नव्हे, ७०-३०० मधले ते मिलिमीटर) भागिले तिच्या आतल्या उघड्या तोंडाचा व्यास. २०० एफ २.८ म्हणजे ७१ मिलिमीटरचं तोंड. काकांची ६०० एफ ६.३, जिला सगळे अंधारी म्हणतात, तिचं तोंड ९५ मिलिमीटर. लांबच्या बदकाकडून येणारा उजेड गोळा होतो तो या तोंडातून. तुम्ही पोळ्या लाटता म्हणून असं सांगतो: तोंडाचं क्षेत्रफळ म्हणजे कणकेचा गोळा, लांबी म्हणजे पोळी किती मोठी लाटली ते, आणि एफ म्हणजे पोळीची जाडी (आकडा जितका लहान तितकी पोळी जाड). काकांची पोळी पातळ आहे, कारण ती खूप मोठी लाटली आहे. गोळा मात्र त्यांचाच मोठा, जवळजवळ पावणेदोन पट.

दुकानदारांची लेन्स घेतली तर पोळी जाड पण पुरीएवढी. चाळीस मीटरवरचं साठ सेंटिमीटरचं बदक २०० मिलिमीटरच्या लेन्सनं तुमच्या सेन्सरवर तीन मिलिमीटरचं उमटतं. डी ७२०० चा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद आहे. मग घरी येऊन तुम्ही क्रॉप करणार, ताणून मोठं करणार, म्हणजे तीच पुरी पुन्हा लाटायला घेणार. तेव्हा ती काकांच्या पोळीहून पातळ होते, फाटते, आणि आपण म्हणतो, फोटो रवाळ आला. डबलरही तेच करतो, फक्त लेन्सच्या मागे बसून. २०० ची ४०० होते, २.८ चा ५.६ होतो, तोंड ७१ चं ७१ च राहतं, आणि धारदारपणा थोडा जातो तो वेगळाच.

डबलरबद्दल मी जरा कडवट लिहीत असेन तर त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मीही एक घेतला होता, कुठल्याशा साध्या कंपनीचा, तुमच्यासारख्याच ७०-३०० वर लावायला. दुकानात काचेच्या दारातून समोरच्या पाटीवर फोकस करून दाखवला, झाला. रविवारी पहाटे यशवंत सागर तलावावर गेलो. शेतात सारसांची जोडी, धुक्यातून मानाच तेवढ्या वर आलेल्या. डबलरमुळे लेन्स एफ ११ झाली होती, आणि आरशाच्या कॅमेऱ्याला त्या उजेडात एफ ११ वर फोकस म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ. लेन्स घर्र करून पुढे जायची, घर्र करून मागे यायची. शेवटी हातानं फोकस लावेपर्यंत सारस चालत चालत ऊसाआड गेले. फोटो एक आहे माझ्याकडे. त्यात ऊस छान आलाय.

एफ २.८ चा फायदा कुठे होतो तेही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. पक्षी मुळात जवळ असेल, क्रॉप करायची वेळच येणार नसेल, तर जाड पोळीच हवी. गल्लीतल्या दिव्याच्या खांबावर संध्याकाळी पिंगळा येऊन बसतो, तुम्ही पाच-सहा मीटरवर उभ्या आहात, तर तिथे तीच ७०-२०० सोन्यासारखी. दुसरं म्हणजे फोकस. कॅमेऱ्याची फोकस करणारी यंत्रणा गोळा बघत नाही, जाडी बघते. म्हणून अगदी झुंजूमुंजू असताना एफ ६.३ चाचपडते आणि एफ ४ पटकन धरते. हा फरक खरा आहे, आणि तो लक्षात ठेवूनच पुढचं सांगतोय.

आता उजाडण्याबद्दल. हे लेन्सच्या माहितीपत्रकात कोणी छापत नाही. सूर्योदयाआधीच्या अर्ध्या तासात आकाशातला उजेड साधारण चार मिनिटांत दुप्पट होतो. पुन्हा चार मिनिटांत दुप्पट. एफ ५.६ वरून एफ ४ वर गेल्यावर मिळतो तो उजेडही दुप्पटच. या दुपटीला स्टॉप म्हणतात, म्हणजे एक स्टॉप म्हणजे चार मिनिटं! जानेवारीत इंदूरला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. एफ ४ वाल्याला जो फोटो पावणेसातला मिळाला तो तुम्हाला एफ ५.६ वर सहा एकोणपन्नासला मिळेल. त्या चार मिनिटांसाठी लोक लेन्सच्या किमतीत कितीतरी पट मोजतात. त्यांना मोजू दे. तुम्ही थर्मासातला चहा घ्या. (रालामंडलच्या झाडीत मात्र हा हिशेब चालत नाही. पावसाळी ढगांखाली, पानांच्या छताखाली दिवसभर तसाच काळोख. तिथे थांबून उजेड वाढत नाही.)

लेन्सकडे येण्याआधी एक काम करा. या हिवाळ्यातले तुमचे वाया गेलेले वीस-पंचवीस फोटो काढा आणि संगणकावर शंभर टक्के मोठे करून बघा. पक्ष्याच्या बाजूची गवताची काडी बघा. काडी स्पष्ट आणि पक्षी पुसट, तर पक्षी हलला. दोन्ही एकाच दिशेनं फराटल्यासारखे, तर तुमचा हात हलला. पुढची किंवा मागची काडी धारदार आणि पक्षी मऊ, तर फोकस चुकला. तीन वेगळे रोग आहेत, औषधं वेगळी. मनगट मोडलेलं आणि वाऱ्यात उभं राहून हातात कॅमेरा, म्हणजे माझा अंदाज दुसऱ्या रोगाचा. तसं निघालं तर निम्मा इलाज मोनोपॉडनं (एका पायाच्या स्टँडनं) होतो, आणि त्याला लाख रुपये लागत नाहीत.

पक्षी हलत असेल तर लेन्समधलं व्हीआर काही करू शकत नाही, ते फक्त तुमच्या हाताचं थरथरणं पोटात घेतं. तिथे वेगवान शटरच लागतो. आणि शटरचा हिशेब निष्ठुर आहे. ज्या उजेडात बसलेलं बदक सेकंदाच्या २५० व्या भागात, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० वर मिळतं, त्याच उजेडात ते उडालं आणि तुम्हाला २००० वा भाग हवा झाला, तर आयएसओ आठपट, म्हणजे २५६००. तुमच्या कॅमेऱ्याची रंगीत फोटोंची हद्द तिथेच संपते. तेव्हा उजाडण्यापूर्वी उडते पक्षी सोडून द्यायचे. मी तर कॅमेरा खालीच ठेवतो आणि नुसतं बघतो.

त्या वेळचे पक्षी वेगळे. वंचक चिखलात पाय रोवून उभा राहतो, मान आखडलेली, डोळा पाण्यावर. तो पुतळाच असतो, मोनोपॉडवर साठाव्या भागातही मिळतो. रातबगळा झाडीत परतून अंग फुगवून बसतो. कमळपक्षी चालतो, पण त्याची चाल नीट बघा: लांब बोटं उचलली, पानावर टेकली, आणि पान बुडतंय का याचा अंदाज घेत क्षणभर थबकला. तो थबकला की चार-पाच फोटोंची लड सोडायची, एखादा तरी स्वच्छ निघतो. खंड्या झेपेच्या आधी मान खाली करून गोठतो. टिबुकलीच्या मागे लागू नका, ती डोळा लावेपर्यंत बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. आणि धोबी? त्याची शेपटी सूर्य माथ्यावर असतानाही थांबत नाही.

रवाळपणाचं अर्धं कारण आयएसओ नाही. आयएसओला घाबरून काळोखा फोटो काढायचा आणि घरी उजळायचा, ही सवय आहे. डी ७२०० वर ३२०० बिनधास्त लावा, पण फोटो जागेवरच पुरेसा उजळ निघेल असं बघा. फक्त पांढरा बगळा असेल तर पिसांचा तपशील जळणार नाही एवढं सांभाळा. रॉमध्ये (कॅमेऱ्यानं संस्कार न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा. उरलेला रवा हल्लीची सॉफ्टवेअरं चांगला चाळून देतात. लाइटरूममध्ये २०२३ पासून जी एआय डीनॉइज आलीय, तिनं माझे जुने टाकून दिलेले फोटोसुद्धा परत वर काढले.

आता घ्यायचं काय. तुमच्याकडे निकॉनची बॉडी आहे, म्हणून मी पहिलं नाव घेईन निकॉनच्याच २००-५०० एफ ५.६ चं, आणि तेही सेकंडहँड. २०१५ सालची लेन्स. ५०० ला तोंड ८९ मिलिमीटरचं, तुमच्या आताच्या लेन्सचं ३०० ला आहे ५४. गोळा पावणेतीन पट झाला. चाळीस मीटरवरचं तेच बदक साडेसात मिलिमीटरचं येतं, क्रॉप करायला फारसं उरत नाही. ५०० पर्यंत एफ ५.६ च राहतो, त्यामुळे काकांच्या लेन्सपेक्षा पहाटे फोकस किंचित बरा. पण किंचितच. ५.६ आणि ६.३ मध्ये एक तृतीयांश स्टॉपचा फरक, आपल्या घड्याळात दीड मिनिटसुद्धा नाही. टॅमरॉनची किंवा सिग्माची १५०-६०० चांगल्या अवस्थेत आणि चांगल्या किमतीत समोर आली तर नाही म्हणू नका. आणि काकांच्या लेन्सला अंधारी म्हणणाऱ्यांना पोळीचं गणित ऐकवा.

अडचण एकच, वजन. २००-५०० भरते २.३ किलो, वर कॅमेरा. तुमची आताची लेन्स पाऊण किलोच्या आसपासची. मनगटाला हे झेपणार नसेल तर दुसरी वाट आहे निकॉनची ३०० एफ ४ पीएफ. तीही २०१५ चीच, पण वजन फक्त ७५५ ग्रॅम, झूम नाही. तोंड ७५ मिलिमीटर, म्हणजे आताच्यापेक्षा गोळा जवळजवळ दुप्पट. तिच्यावर निकॉनचा १.४ पट टेलीकन्व्हर्टर (डबलरचाच धाकटा भाऊ) चालतो, तेव्हा ती ४२० एफ ५.६ होते. डबलरला इतका बोललो आणि आता कन्व्हर्टर सुचवतोय हे माझ्या लक्षात आहे. पण १.४ चं नुकसान थोडं असतं आणि ही लेन्स मुळात अतिशय धारदार आहे. सिरपूरला ती २००-५०० पेक्षा कमी पडेल. रालामंडलमध्ये मात्र उलट. झाडीत आठ-दहा मीटरवर दूधराज येऊन बसला, लांब पांढरी शेपटी हलतेय, तर कन्व्हर्टर काढून एफ ४ वर तीच लेन्स हातात हवी. नवी घेतली तर ही २००-५०० पेक्षा महाग, म्हणून इथेही सेकंडहँडच बघा.

मला विचाराल तर तुमच्या दर आठवड्याच्या दोन खेपा सिरपूरच्या आहेत, जंगलाच्या नाहीत. तेव्हा मनगटानं परवानगी दिली तर २००-५००, मोनोपॉडसकट. पाळीवर किंवा कठड्यावर टेकवायला बीन बॅगही करून ठेवा. जुन्या जीन्सचा एक पाय कापून दोन्ही टोकं शिवायची, आत मसूर. मी आधी तांदूळ भरले होते, पावसात भिजले आणि कुबट वास सुटला.

मुलाचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त क्रम उलटा आहे. मिररलेसमध्ये पक्ष्याचा डोळा आपोआप पकडणारा फोकस येतो, डोळ्याशीच उजळ चित्र दिसतं, पहाटे फार सोय होते. पण नवी बॉडी घेऊन तिच्यापुढे तीच ७०-३०० लावली तर पक्ष्याचा डोळा बिनचूक पकडलेला रवाळ फोटो मिळेल. आधी लेन्स. दोन-तीन वर्षांनी निकॉनची झेड म्हणजे मिररलेस बॉडी घेतलीत तर एफटीझेड अडॅप्टर लावून या दोन्ही लेन्स तिच्यावर ऑटोफोकससकट चालतात, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत. आणि तो 'फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) घे, कमी उजेडात भारी' म्हणाला तर त्याला विचारा, बदक फ्रेमभर येणार आहे का? नसेल तर क्रॉप करता करता आपण पुन्हा छोट्या सेन्सरवरच येतो.

सेकंडहँड घेताना दिवसाउजेडी बघायला जा आणि मोबाइलचा टॉर्च न्या. दोन्ही झाकणं काढून मागून टॉर्च मारायचा, पुढून तिरकं बघायचं. धुळीचे चार-दोन कण दिसतीलच, ते सोडा. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, आपल्या पावसाळ्याची देणगी. कितीही स्वस्त असली तरी खाली ठेवायची आणि नमस्कार करून निघायचं. मग स्वतःच्या बॉडीवर लावून लांबच्या बारीक गोष्टीवर फोकस करा, २०० ला, ३५० ला, ५०० ला, आणि दर वेळी लगेच जवळच्या गोष्टीवर आणून पुन्हा लांब. दुकानाच्या पाटीवर नको, पाटीवर सगळंच फोकस होतं. तारेवरच्या कबुतराचा डोळा चालेल. व्हीआर चालू करून कान लावा, हलकी गुणगुण चालते, खडखड नाही. जमलंच तर विकणाऱ्याला म्हणा, संध्याकाळी येते. सहाला नाही, दिवे लागणीला. तुमचं सगळं दुखणं त्याच वेळेचं आहे ना?

आणि हे सगळं करण्याआधी, आजच, स्वयंपाकघरात जा. कापडी पिशवीत साखरेचे एक-एक किलोचे दोन पुडे घाला, वर पाव किलोहून मूठभर जास्त पोहे. झाली २००-५००. तिच्यात तुमचा कॅमेराही ठेवा. डावा तळवा पिशवीच्या खाली, उजवी मूठ कडेला, कोपरं बरगडीला टेकवून ती डोळ्यांसमोर धरा आणि वीसपर्यंत मोजा. खाली ठेवा, पुन्हा उचला. असं दहा वेळा. दुसऱ्या दिवशी सकाळी मनगट काही बोललं नाही तर २००-५०० बघायला लागा. बोललं, तर ७५५ ग्रॅमची ती पीएफ शोधा. पोहे दोन्हीकडे कामाला येतातच.